भीती आधी की मेसेज आधी? मुंबईचा प्लेग, बिहारचा भूकंप आणि आपला मोबाइल



पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे सिनॉप्सिस गेली काही वर्षं माझ्याकडे वाचायला येतात. त्यांत एक विषय हमखास असतो : 'करोनाकाळातील सोशल मीडियाच्या वापराचा मानसिक स्वास्थ्यावर झालेला परिणाम'. जिल्हा बदलतो, वयोगट बदलतो, कधी विद्यार्थी असतात तर कधी गृहिणी; बाकी शीर्षक तेच. विषय वाईट नाही, उलट महत्त्वाचाच आहे. पण त्या शीर्षकातल्या एका शब्दाभोवती मी दर वेळी पेन्सिलने गोल काढतो. तो शब्द म्हणजे 'परिणाम'.

'परिणाम' म्हटलं की उत्तर आपण आधीच लिहून टाकलेलं असतं. मोबाइल हे कारण, भीती हा परिणाम, बाण इकडून तिकडे. मग प्रश्नावली वाटायची ती फक्त बाण किती जाड आहे हे मोजण्यासाठी. बाणाची दिशा तपासायची राहूनच जाते.

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे आणि प्लेगच्या काळातल्या अफवांवर काम करतो. त्यामुळे 'मानसिक स्वास्थ्य' हा काही माझा प्रांत नाही. पण भीती आणि निरोप यांचं नातं मला रोज कागदपत्रांत भेटतं. आज त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. सुरुवात मात्र घरापासून करतो, कारण हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो ग्रंथालयात नाही, घरातच.

अण्णांचा फोन

एप्रिल २०२१. दुसरी लाट जोरात होती. मी पुण्याहून गावी आलो होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हॉट्सॲप बघत बसायचे. भावकीचा ग्रुप, गावचा ग्रुप, नोकरीतल्या जुन्या सहकाऱ्यांचा ग्रुप. त्यांत 'भावपूर्ण श्रद्धांजली', ऑक्सिजनचा बेड कुठे आहे, काढ्याची कृती, कुणाचा तरी एचआरसीटी स्कोअर, आणि मधूनच 'हे सत्य सरकार लपवत आहे' असं काहीतरी. झोप नाही, जेवण निम्मं.

मी म्हटलं, "अण्णा, हे वाचून वाचूनच तुमचं बीपी वाढतंय." आणि फोन काढून घेतला. मला वाटलं, मी योग्यच केलं. संशोधनाच्या भाषेत बोलायचं तर मी कारण काढून टाकलं होतं. आता परिणाम आपोआप कमी व्हायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर बसले होते. चहा गार होऊन गेलेला. म्हणाले, "फोन होता तेव्हा निदान कोण गेलं ते कळत होतं. आता वाटतं, सगळेच गेले असतील."

मी गुपचूप फोन परत दिला. माझं गृहीतक तीन दिवसांत पडलं होतं. म्हणजे मेसेजचा काहीच त्रास नव्हता, असं नाही. पण भीती फोनमधून येत होती आणि फोन काढला की ती जाईल, हे साधं गणित चुकलं होतं.

एक आकडेवारी आणि तिचे तीन अर्थ

आता एक खरा अभ्यास घेऊ. जगभरात या विषयावर ज्या अभ्यासांचा सुरुवातीपासून उल्लेख होत आला, त्यांतला हा एक. शांघायच्या फुदान विद्यापीठातील संशोधकांनी ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२० या तीन दिवसांत चीनमध्ये ऑनलाइन सर्वेक्षण केलं. वुहान बंद होऊन जेमतेम आठवडा झाला होता. ४,८७२ प्रौढांनी उत्तरं दिली. त्यांतल्या ४८.३ टक्के लोकांत नैराश्याची आणि २२.६ टक्के लोकांत चिंतेची लक्षणं दिसली. साथीच्या बातम्या सोशल मीडियावर वारंवार बघतो, असं ८२ टक्क्यांनी सांगितलं. आणि जे कमी बघत होते त्यांच्या तुलनेत वारंवार बघणाऱ्यांत चिंतेचं 'ऑड्स' प्रमाण १.७२ पट निघालं. एप्रिल २०२० मध्ये हे 'प्लॉस वन' या नियतकालिकात छापून आलं.

'ऑड्स' म्हणजे काय, तर एखादी गोष्ट असण्याचं ती नसण्याशी प्रमाण. ते १.७२ पट आहे याचा अर्थ 'बातम्या बघितल्याने चिंता १.७२ पट वाढली' असा होत नाही. सिनॉप्सिसमध्ये नेमकी हीच चूक होते. त्या आकड्याचे किमान तीन अर्थ निघू शकतात.

पहिला अर्थ : बातम्या बघून माणूस घाबरला. दुसरा : माणूस घाबरलेला होता म्हणून तो सारखा बातम्या बघत होता. तिसरा : दोन्हींचं मूळ तिसरीकडेच आहे. समजा, एखाद्याची बहीण वुहानमध्ये अडकली आहे. तो घाबरेलही आणि बातम्याही बघेल, पण त्याच्या भीतीचं कारण बहीण आहे, फोन नाही. तीन दिवसांत एकदाच घेतलेलं सर्वेक्षण हे एका क्षणाचं छायाचित्र असतं. छायाचित्रात दोन माणसं शेजारी उभी दिसतात. कोण कुणाच्या मागे चालत आलं, ते दिसत नाही. असा एकवेळचा अभ्यास करणाऱ्याने ही मर्यादा उघडपणे मान्य करायची असते. ती उडवली जाते ती पुढे, बातम्यांच्या मथळ्यात आणि आपल्या 'संशोधन साहित्याचा आढावा' या प्रकरणात.

आणखी एक बारीक गोष्ट. सर्वेक्षण ऑनलाइन होतं. म्हणजे ज्याच्याकडे फोनच नाही, जो कुठल्याच ग्रुपवर नाही, तो त्यात आलाच नाही. माझे अण्णा ओट्यावर बसलेले ते तीन दिवस अशा सर्वेक्षणात कुठे नोंदवले गेले असते? कुठेच नाही.

मग दिशा तपासायची कशी? एक मार्ग म्हणजे काळात मागे जाऊन घटनांचा क्रम लावणं. इथे इतिहास कामाला येतो.

१८९६ : मांडवी ते आर्थर रोड

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात, गोदीजवळच्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं. ऑक्टोबरमध्ये महापालिकेने प्लेगचा रोगी सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा हुकूम काढला. घरं धुणं, चुना मारणं, सामान नष्ट करणं सुरू झालं. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. आठ लाखांवर वस्तीच्या या शहरातून पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं गावाकडे निघून गेली. प्लेगही त्यांच्यासोबत पसरला.

या काळातल्या अफवा वाचल्या तर अंगावर काटा येतो. रुग्णालयात माणसं मारून त्यांच्या शरीरातून 'मोमियाई' नावाचं औषधी तेल काढतात, ही त्यांतली एक. दुसरी राणीची. त्याच ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यावर कुणीतरी डांबर ओतलं होतं. त्याचा सूड म्हणून राणीने माणसांची काळजं मागितली आहेत, असं लोक बोलू लागले. तेव्हा मोबाइल नव्हता आणि बहुतेकांना वाचता येत नव्हतं. तरी गिरणीच्या फाटकावरून, पाणवठ्यावरून आणि आगगाडीच्या डब्यांतून हे निरोप पोचतच होते.

सरकारी अधिकाऱ्यांना यात फक्त अडाणीपणा दिसला. त्यांच्या लेखी बाण सरळ होता : अफवा पसरली, म्हणून लोक घाबरले, म्हणून दंगा झाला. इतिहासकार डेव्हिड अर्नोल्ड यांनी १९८०च्या दशकात हीच कागदपत्रं वेगळ्या नजरेने वाचली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, वसाहती सरकार पहिल्यांदाच एवढ्या थेटपणे लोकांच्या शरीराला हात घालत होतं. परक्या पुरुषांनी बायकांची तपासणी करणं, माणूस घरच्यांपासून तोडून नेणं, मृतदेहाची हेळसांड. अफवा या अनुभवाची भाषा बोलत होत्या.

तारखांचा क्रमही बघा. आधी रोग, मग सक्ती, मग हल्ला. रुग्णालयात गेलेल्यांपैकी बहुसंख्य दगावत होते, हे लोक डोळ्यांनी बघत होते. कारण सांगायला मात्र कुणी नव्हतं. ती रिकामी जागा मोमियाईने भरली. अफवेतला तपशील खोटा होता, पण 'आत गेलेला माणूस परत येत नाही' ही त्यामागची भीती खोटी नव्हती.

इथे संशोधक म्हणून एक सावधगिरी बाळगायला हवी. या अफवा आपल्याला लोकांकडून मिळत नाहीत. त्या सरकारी अहवालांतून मिळतात. देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सारांश सरकारी अनुवादकाचं कार्यालय दर आठवड्याला सरकारसाठी तयार करत असे. त्यांतून सरकारला काळजी वाटेल तेच प्रामुख्याने वर येणार. आमच्या गाईड मॅडम नेहमी म्हणतात, "कागद कुणासाठी लिहिला गेला ते आधी विचार, मग त्यात काय लिहिलंय ते विचार." हीच गोष्ट आजच्या 'ट्विटर डेटा'लाही लागू आहे. आपण जे वाचतो ते लोकांचं मन नसतं. कुणीतरी कुठल्यातरी हेतूने गाळून ठेवलेला त्याचा एक तुकडा असतो.

गोखल्यांकडे आलेली पत्रं

आता पुण्याकडे येऊ. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. (हो, २०२० मध्ये आपल्याकडे वापरला गेला तोच.) वॉल्टर चार्ल्स रँड याच्या हाताखाली गोरे सैनिक घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

या वेळी गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते, वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गेलेले. पुण्यातून त्यांना मित्रांची पत्रं येत होती. सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं त्यांत लिहिलं होतं. जुलैच्या सुरुवातीला गोखल्यांनी ते 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितलं. मोठी खळबळ उडाली. सरकारने पुरावा मागितला. गोखले मुंबईत उतरले, चौकशी केली, आणि आरोप सिद्ध करता येईल असं काही हाती लागेना. ज्यांनी लिहिलं होतं त्यांची नावं उघड करणं शक्य नव्हतं. ऑगस्टमध्ये गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. त्या माफीबद्दल पुण्यातच त्यांना पुढे बरंच ऐकून घ्यावं लागलं.

गोखले म्हणजे आकड्यांत आणि पुराव्यांत काटेकोर माणूस. त्यांच्याकडूनसुद्धा हे झालं. का? मी ही घटना वाचतो तेव्हा मला त्या पत्रांपेक्षा ती वाचणारा माणूस दिसतो. हजारो मैल दूर, आपलं शहर संकटात, हातात फक्त पत्रं, आणि ज्यांच्यावर विश्वास आहे अशा मित्रांची पत्रं. आजच्या भाषेत सांगायचं तर गोखल्यांनी एक 'फॉरवर्ड' पुढे पाठवला. अडाणीपणातून नव्हे, काळजीतून.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. ते आरोप सिद्ध झाले नाहीत म्हणून पुण्यातली घरझडती सौम्य ठरत नाही. एका निरोपातला तपशील पडला, तरी त्यामागची तक्रार खरी असू शकते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं हे आपलं काम आहे.

सरकारने मात्र निरोपालाच कारण मानलं. रँडवरच्या हल्ल्यानंतर 'केसरी'तल्या १५ जूनच्या अंकातील शिवराज्याभिषेक उत्सवासंबंधीच्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि दीड वर्षाची शिक्षा झाली. याच टिळकांनी पुण्यात प्लेगचं हिंदू रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला होता. रोग्यांना वेगळं ठेवण्याला त्यांचा सरसकट विरोध नव्हता. पण 'लोक चिडले ते लिहिणाऱ्यांमुळे' असं एकदा ठरवलं की, आपण त्यांच्या घरात काय केलं हे बघण्याची गरज उरत नाही. बाणाची दिशा चुकवण्यातला खरा धोका हा आहे. चुकीचं गृहीतक फक्त थिसिस बिघडवत नाही, ते जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे ढकलतं.

बिहारचा भूकंप आणि एक विचित्र निरीक्षण

हे सगळं इतिहासाचं झालं. मानसशास्त्रानेही हा प्रश्न गाठला, आणि तोही भारतातूनच.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञाने लोकांत फिरणाऱ्या अफवा पद्धतशीरपणे गोळा केल्या आणि १९३५ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी'त त्यांवर लेख लिहिला. या अफवा जिथे धक्का जोरात जाणवला, पण पडझड झाली नाही, अशा भागातल्या होत्या. लोक काय म्हणत होते? गंगेचं पाणीच नाहीसं झालं. अमुक तारखेला संकट येणार. चंद्रग्रहणाच्या दिवशी आणखी मोठा भूकंप होणार.

पुढे अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर हा मानसशास्त्रज्ञ १९५०च्या सुमारास संवादावरच्या संशोधनाचा आढावा घेत होता. प्रसादांचा लेख त्याच्या हाती आला आणि तो अडखळला. माणसाला सुख हवं असतं असं आपण मानतो. मग वाचलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या अफवा का पसरवतील? त्याने काढलेलं उत्तर असं : ही माणसं आधीच घाबरलेली होती. धक्का अंगाने अनुभवला होता, पण घाबरण्यासारखं समोर काही दिसत नव्हतं. अफवेने त्यांच्या भीतीला कारण पुरवलं. अफवा भीती निर्माण करत नव्हती, तर असलेल्या भीतीचं समर्थन करत होती. याच कोड्यापासून सुरू झालेला विचार पुढे १९५७ मध्ये 'बोधात्मक विसंगती'चा सिद्धांत म्हणून प्रसिद्ध झाला. नेट-सेटच्या मानसशास्त्राच्या पेपरला बसणाऱ्यांना हा सिद्धांत पाठ असतो. त्याच्या मुळाशी बिहारचा भूकंप आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

याला जोड मिळाली दुर्गानंद सिन्हा यांच्या १९५२च्या लेखाची. त्यांनी दार्जिलिंगच्या भूस्खलनानंतरच्या अफवा अभ्यासल्या. तिथे प्रत्यक्ष नुकसान लोकांच्या डोळ्यांसमोर होतं. आणि तिथे 'आणखी मोठं संकट येणार' अशा अतिरंजित अफवा आढळल्या नाहीत. ज्यांना भीतीचं कारण समोर दिसत होतं, त्यांना ते अफवेकडून उसनं घ्यावं लागलं नाही.

लगेच टाळ्या वाजवू नका. दोन वेगळ्या आपत्ती, दोन वेगळे संशोधक, वेगळी ठिकाणं. हा काही प्रयोग नव्हे. शिवाय करोना किंवा प्लेग म्हणजे 'धक्का बसला पण पडझड नाही' असंही नाही. मृत्यू खरेच होते. म्हणून फेस्टिंगरचं उत्तर जसंच्या तसं उचलून २०२१ वर चिकटवता येणार नाही. पण त्याने बाण उलटा धरून बघितला, एवढं शिकण्यासारखं नक्कीच आहे.

बाण नव्हे, रहाट

मग मेसेज निर्दोषच का? नाही. दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे.

१५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत अमेरिकन संशोधकांनी ४,६७५ लोकांचा अभ्यास केला. स्फोटाच्या बातम्या रोज सहा तास किंवा अधिक बघणाऱ्यांत तीव्र ताणाची लक्षणं जास्त होती. प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त. इथे कुणीही म्हणेल की घाबरलेलेच जास्त बघत असतील. या संशोधक गटाचं मोठेपण असं की त्यांनी तो प्रश्न सोडला नाही. त्यांनी लोकांना तीन वर्षं पुन्हा पुन्हा गाठलं आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला. २०१३ मध्ये बातम्या जास्त बघणाऱ्यांत ताण वाढला, त्यातून पुढची काळजी वाढली, आणि २०१६ मध्ये ऑर्लँडोतल्या गोळीबाराच्या वेळी हेच काळजी करणारे लोक पुन्हा जास्त बातम्या बघताना दिसले, आणि पुन्हा जास्त ताणात सापडले.

म्हणजे बाण एकेरी नाहीच, हा रहाट आहे. भीती बातमी ओढून आणते आणि बातमी भीती वर काढते. एकदाच प्रश्नावली वाटून या रहाटाची दिशा कळणार नाही. त्याच माणसांकडे परत जावं लागेल.

आपल्याकडचं साधं उदाहरण घ्या. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये चिकन खाल्ल्याने करोना होतो, अशी अफवा पसरली आणि महाराष्ट्रातल्या कुक्कुटपालकांचं कंबरडं मोडलं. लोकांच्या मनात भीती आधीच होती. नवा रोग होता, माहिती थोडी होती. पण ती भीती बिचाऱ्या कोंबडीवर उतरली, ती मेसेजमुळे. निरोप भीतीला जन्म देत नसेल, पण तिला पत्ता देतो.

आणि दुसरं उदाहरण वांद्र्याचं. १४ एप्रिल २०२०. टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचं सकाळी जाहीर झालं आणि त्याच दुपारी वांद्रे स्थानकाजवळ हजारो स्थलांतरित मजूर जमा झाले. गाड्या सुटणार आहेत असं त्यांनी ऐकलं होतं. समाजमाध्यमावरच्या आवाहनावरून आणि एका बातमीवरून गुन्हे दाखल झाले. आठवडाभर आधीच, ७ एप्रिलला, व्हॉट्सॲपने खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं बंधन घातलं होतं. निरोपावर उपाय चालू होते. पण त्या माणसांना तीन आठवडे काम नव्हतं, खोलीभाडं थकत होतं, आणि गाव दूर होतं. अफवा पसरली म्हणून त्यांना घरी जावंसं वाटलं, की घरी जायचं होतं म्हणून त्यांनी अफवेवर विश्वास ठेवला? १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या खरोखर सुरू झाल्या. मजुरांना जे हवं होतं ते अडीच आठवड्यांनी सरकारलाही द्यावं लागलं. १८९६च्या मुंबईवर काम करणाऱ्या माणसाला हे सगळं वाचताना तारखा पुन्हा तपासून बघाव्याशा वाटतात.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता कामाचं बोलू. या विषयावर संशोधन करायचं असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, 'वापर' म्हणजे नेमकं काय ते ठरवा. ऑक्सिजनचा बेड शोधणं, मुंबईतल्या मुलाशी व्हिडिओ कॉल करणं आणि रात्री दोन वाजता मृत्यूचे आकडे बघणं, हे तिन्ही 'सोशल मीडियाचा वापर' या एकाच चलात कोंबलं तर हाती काही लागत नाही. 'रोज किती तास?' या प्रश्नाच्या उत्तरावर तर फारच बेताने विसंबा. लोकांनी सांगितलेला वापर आणि फोनमध्ये प्रत्यक्ष नोंदलेला वापर यांचा मेळ फारसा बसत नाही, हे अशा तुलनात्मक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून २०२१ मध्ये पुढे आलं आहे.

दोन, काळ नोंदवा. भीती केव्हा, मेसेज केव्हा, घरातला आजार केव्हा. शक्य असेल तर त्याच माणसांना दोन-तीन वेळा भेटा. आता मागचं विचारत असाल तर लोक आजच्या मनःस्थितीतून तेव्हाचं आठवतात, हे प्रकरणात स्पष्ट लिहा.

तीन, कोण सुटलं ते सांगा. गुगल फॉर्म भरणारा माणूस म्हणजे समाज नव्हे. फोन नसलेले, फोन काढून घेतलेले, फोन मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी दिलेला असल्याने स्वतः न वापरणारे, हे सगळे तुमच्या नमुन्याबाहेर राहतात.

चार, प्रत्येक भीतीला आजार म्हणू नका. चिंता मोजण्याच्या प्रश्नावल्या गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा बेचैन वाटलं, असं विचारतात. एप्रिल २०२१ च्या कुठल्याही दोन आठवड्यांत बेचैन न वाटलेला माणूस मला तरी भेटला नाही. प्रश्नावली चाळणी लावते, निदान करत नाही. आणि हो, ज्याला खरोखर मदतीची गरज आहे असा उत्तरदाता समोर आला तर फॉर्म बाजूला ठेवून त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवणं हा तुमच्या संशोधनाच्या नीतीचाच भाग आहे.

अण्णांचं सांगायचं राहिलं. फोन परत दिल्यावर आम्ही एक गोष्ट केली. रोज संध्याकाळी ते तीन माणसांना स्वतः फोन लावायचे. ग्रुपवर नाही, थेट. "कसा आहेस?" एवढंच. रात्रीचं स्क्रोलिंग पूर्ण बंद झालं, असं मी म्हणणार नाही. झोप थोडी वाढली. ती फोनमुळे वाढली की लाट ओसरत गेल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. एका माणसाच्या नमुन्यातून ते कळतही नाही.

जाता जाता एक गृहपाठ. तुमच्या फोनमध्ये २०२० किंवा २०२१ चा एखादा फॉरवर्ड अजून पडून असेल तर तो शोधा. त्याची तारीख वहीत लिहा. मग त्या तारखेच्या आधीच्या दोन दिवसांत तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत, तुमच्या घरात काय झालं होतं ते आठवून, घरच्यांना विचारून त्याखाली लिहा. 'परिणाम' हा शब्द शीर्षकात ठेवायचा की नाही, ते त्या पानावरून तुमचं तुम्हालाच कळेल.